पशुवैद्यक व्हायचंय : 'नीट'नंतर नोंदणीपर्यंत नेमकं काय काय लागतं?

गवाक्ष
भाचीची बारावी झाली, विषय भौतिक, रसायन, जीव आणि इंग्रजी, चारही मिळून ६८ टक्के. नीट दिली आहे. एमबीबीएस लागणार नाही, पण तिचा ओढा तसाही जनावरांकडेच आहे. जाणकारांनी सांगावं :
१. सीईटी सेलचा वैद्यकीयचा अर्ज भरलाय. त्यातच पशुवैद्यकीय येतं का?
२. गावातले म्हणतात पदविका कर, लवकर दवाखाना टाकता येईल. खरं आहे का?
३. पदवीनंतर परवाना वेगळा काढावा लागतो का? पुढेमागे अमेरिकेत जायचं झालं तर?

लाळ्या_खुरकूत
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तारीख निघून जाते. नाही, त्यात येत नाही. बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीचे राज्यातले प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ म्हणजे 'माफसू' स्वतः करतं. गुण नीटचेच, पण अर्ज वेगळा, शुल्क वेगळं, फेऱ्या वेगळ्या. शिवाय देशपातळीवरच्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, तो तिसरा अर्ज. माफसूचा आणि परिषदेचा, दोन्ही भरा. दरवर्षी कोणीतरी 'एमबीबीएसच्या फेऱ्या संपल्यावर बघू' म्हणतं आणि तोवर इथली नोंदणी बंद झालेली असते.

सरकारी महाविद्यालयं : मुंबई (१८८६पासूनचं), नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ वगैरे. खुल्या प्रवर्गाला त्या चार विषयांत मिळून ५० टक्के लागतात, म्हणजे भाची त्यात बसते. ३१ डिसेंबरला १७ वर्षं पूर्ण हवीत.

कागदांत अडतं ते बहुधा दोन ठिकाणी. आरक्षणातून अर्ज असेल तर जातवैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, मागच्या वर्षीचं जोडलं की अर्ज सरळ खुल्यात जाऊ शकतो. जातवैधतेला महिने लागतात, त्यामुळे निकालानंतर धावपळ करून उपयोग नसतो.

तालुका_ठिकाण
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. पदविकेवर स्वतंत्र दवाखाना टाकता येत नाही, बोर्डावर 'डॉ.' लावणं तर दूरच.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४, कलम ३० वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. नोंदणीकृत पशुवैद्यकाशिवाय कोणालाही चार गोष्टी करता येत नाहीत : पशुवैद्यक म्हणून सरकारी पद धारण करणं, व्यवसाय करणं, जनावराच्या आरोग्याच्या दाखल्यावर सही करणं आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणं. पदविकाधारकांना राज्य सरकार आदेश काढून 'किरकोळ पशुवैद्यकीय सेवा' देऊ देतं, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी असं. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

बैलपोळा२
कागदावर ठीक आहे हो. गावोगावी सलाईन लावतात, व्याल्यावर अडकलेली वार काढतात, सगळं चालतं. कोण विचारतंय?

तालुका_ठिकाण
विमा कंपनी विचारते. म्हैस विम्यात घालताना आरोग्य दाखला लागतो, त्यावर कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर असतो. म्हैस मेली की दाव्यासोबत शवविच्छेदनाचा अहवाल जातो. दोन्हींवर नोंदणी क्रमांकासह पशुवैद्यकाची सही लागते, ती नसेल तर शेतकऱ्याचा दावा अडतो. उपचार चुकून जनावर दगावलं तर गोष्ट आणखी वेगळी.

पदविका वाईट आहे असं मी म्हणत नाही. जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक व्हायचं असेल तर ती वाट आहेच. पशुधन विकास अधिकारी मात्र गट अ, लोकसेवा आयोगामार्फत, पदवी आणि नोंदणी दोन्ही लागतात. नीट देऊन झालेल्या मुलीने पदविकेकडे वळावं असं मला तरी वाटत नाही.

गोचीड
तिसरा प्रश्न, पहिला भाग. होय, पदवी म्हणजे परवाना नव्हे. नोंदणी हाच परवाना.

अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा : साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष आंतरवासिता (इंटर्नशिप). हजेरी ७५ टक्के लागते. शरीररचनाशास्त्राची प्रात्यक्षिकं बुडवणाऱ्यांचं पहिल्याच वर्षी अडतं, कारण हाडं आणि स्नायू पुस्तकातून पाठ होत नाहीत. गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी, प्रत्येकाचं वेगळं.

आंतरवासिता सुरू होण्यापूर्वी राज्य पशुवैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करायची. आंतरवासिता पूर्ण झाली, पदवी हाती आली की कायम नोंदणी. या वर्षात गैरहजर राहिलेले दिवस भरून द्यावे लागतात आणि पूर्ततेचा दाखला तितका लांबतो. लोकसेवा आयोगाची जाहिरात निघते तेव्हा अर्हता कोणत्या तारखेला पूर्ण हवी ते दिलेलं असतं. तेवढ्या पंधरा दिवसांवरून अर्ज बाद होऊ शकतो.

आणखी तीन बारीक गोष्टी. दहावी, बारावी आणि पदवीवरचं नाव अक्षरशः एकच हवं, फरक असेल तर राजपत्रातली नावबदलाची प्रक्रिया आधीच उरका. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, ते विसरू नये. आणि दुसऱ्या राज्यात स्थायिक झाल्यास नोंदणी तिकडे हस्तांतरित करून घेता येते, नव्याने काढायची नाही.

लाळ्या_खुरकूत
गोचीड, एक राहिलं. खासगी किंवा परराज्यातल्या महाविद्यालयाचं आमिष आलं तर 'मान्यता प्रक्रियेत आहे' या वाक्यावर पैसे भरू नका. पदवी १९८४च्या त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे मान्य पदव्यांच्या यादीत, नसेल तर साडेपाच वर्षांनंतर नोंदणी होत नाही. प्रवेशाची परवानगी आणि पदवीची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समुद्रापार
अमेरिकेचं मी सांगतो. भारतातल्या कोणत्याही महाविद्यालयाला तिथल्या पशुवैद्यक संघटनेची, म्हणजे एव्हीएमएची, अधिस्वीकृती नाही. म्हणून पदवी समकक्ष ठरवून घ्यावी लागते. त्याचा नेहमीचा मार्ग ईसीएफव्हीजी, म्हणजे परदेशी पदवीधरांसाठीचा एव्हीएमएचाच कार्यक्रम, टप्पे चार : कागदपत्रांची नोंदणी, इंग्रजीची परीक्षा, मूलभूत आणि चिकित्सा विषयांची संगणकावरची परीक्षा, आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा. शेवटच्या टप्प्याचे सात भाग : भूल, शस्त्रक्रिया, लहान प्राण्यांची चिकित्सा, क्ष-किरण, घोडे, दूध-मांसाची जनावरं, शवविच्छेदन.

शस्त्रक्रियेत नुसते हात चालून भागत नाही, निर्जंतुकतेचा नियम एकदा मोडला की तो भाग गेला असं धरा. हातमोजा घातल्यावर टेबलाच्या कडेला स्पर्श, एवढंही पुरतं. घोड्यांत आपल्याकडची मुलं कच्ची पडतात, कारण इथे गायी-म्हशींचा सराव जास्त.

यानंतर नॅव्हली ही परवान्यासाठीची ३६० प्रश्नांची परीक्षा आणि ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचा परवाना. 'पेव्ह' नावाचा दुसरा मार्गही आहे, पण तो सगळ्या राज्यांना चालतो का हे त्या राज्याच्या मंडळाकडे विचारूनच पैसे भरावेत.

आत्तापासून करण्यासारखं एकच : प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची प्रत आणि आंतरवासितेची नोंदवही सांभाळून ठेवा. दहा वर्षांनी विद्यापीठातून मागवणं कटकटीचं होतं.

गवाक्ष
सर्वांचे आभार. माफसू आणि परिषद, दोन्ही अर्ज आजच भरतो. जातवैधता झालेली आहे, नॉन-क्रीमीलेअर मात्र मागच्या वर्षीचं निघालं.

लाळ्या_खुरकूत
मग उद्या सकाळी सेतू केंद्र गाठा. अर्जाची पोचपावती तरी हातात ठेवा, आणि ती चालेल का हे माहितीपुस्तिकेत पाहा. तो नियम दर वर्षी बदलू शकतो.