आई पुन्हा कुणाला तरी भेटू लागली, त्याबद्दल: तुमचे अनुभव लिहा

मीच सुरुवात करते. वय ४६, गुहागर तालुक्यात राहते, शाळेत नोकरी, नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा यंदा बारावीला. गेल्या दिवाळीपासून एका गृहस्थांशी ओळख वाढलीय, त्यांची बायको गेलेली, राहतात पलीकडे दाभोळला. डेटिंग म्हणायला जीभ वळत नाही, मी आपली "भेटायला जाते" म्हणते. धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवायची आणि खाडी ओलांडायची, एवढंच अंतर. पहिल्यांदा गेले तेव्हा बोटीत वर्गातल्या एका मुलाचे आईवडील भेटले, "मॅडम इकडे कुठे?" मी म्हटलं बँकेत. रविवारी कुठली बँक, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही आणि त्या खोट्याचं घरी येईपर्यंत वाईट वाटत राहिलं.

मी सांगायच्या आधीच मुलाला बाहेरून कळलं. भांडला नाही. रात्री ताटावर बसल्यावर एवढंच विचारलं, "बाबांचा फोटो काढणार का तू?" मला घास गिळेना. ज्यांनी हे पार केलंय, आई म्हणून किंवा मुलं म्हणून, त्यांनी लिहा. नावगाव नको.

मालवणहून, मुलगी

माझी आवस ५८ ची. बाबा गेल्यावर आम्ही दोघी बहिणी मुंबईत, ती एकटी घर आणि दोन खोल्यांची न्याहारी निवास सांभाळायची. एकदा फोनवर सरळ म्हणाली, "तुमी फोन करतास, जेवलंस काय विचारतास आणि ठेवतास. माका बोलूक कोणतरी होयो." मला इतकं लागलं ते, कारण खरंच आमचा फोन तेवढाच असायचा. गावात रिटायर होऊन परत आलेले एक काका आहेत, त्यांच्याशी तिचं जमलं. लग्न केलं नाही. बाबा कंपनीत होते, त्यांचं ईपीएफचं पेन्शन आईला मिळतं आणि ते विधवेने पुन्हा लग्न केलं की बंद होतं, तिने तो विचार करून ठरवलं. दोन घरं तशीच आहेत, दुपारचं जेवण एकत्र, संध्याकाळी बंदरावर. लोक बोलले वर्षभर, मग गणपतीत दोघांनाही आरतीला बोलावणं आलं.

रत्नागिरी

माझा अनुभव चांगला नाही पण लिहिते, कुणाचं तरी नुकसान वाचेल. विवाहाच्या साइटवर ओळख झाली, म्हणे जहाजावर इंजिनीअर आहे, आपल्याकडे घरटी कुणीतरी जहाजावर असतंच म्हणून संशय आला नाही. रोज सकाळी मेसेज, "औषध घेतलंस का". इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं हो. तीन आठवड्यांनी पार्सल कस्टममध्ये अडकलं म्हणून ४० हजार मागितले, मी पाठवले. लाजेने दोन महिने गप्प बसले, शेवटी मुलीनेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, पण तोवर उशीर झाला होता. पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० ला सांगा. आणि व्हिडिओ कॉल टाळणाऱ्या माणसावर जीव लावू नका. मुलगी मला एक शब्द बोलली नाही, त्याचंच रडू आलं.

देवगड

मी तीनदा भेटले एकाला. तीनही वेळा त्याच्या आईची पथ्यं, त्याच्या घरातलं काम. माझ्याबद्दल एक प्रश्न नाही. चौथ्यांदा गेले नाही.

मुरुड, दापोली

आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे. १८९३ मध्ये त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा ह्याच गावाने त्यांना वाळीत टाकलं, विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा असूनसुद्धा. आज आम्ही पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने त्यांचं नाव सांगतो आणि माझ्या जाऊबाईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. गेल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, तिला बोलावणं नसेल तर मीही येत नाही. ८१ वर्षांच्या आहेत. जाऊबाईंनी दुसरं लग्न करावं हे पहिल्यांदा त्याच बोलल्या, अंगणात सोलं वाळत घालता घालता.

चिपळूणहून, मुलगा

ताई, मी तुमच्या मुलाच्या जागी होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी २४ चा, आई ४९ ची, आणि त्या काकांचं नाव घरात काढलं की मी उठून जायचो. २२ जुलै २०२१ चा पूर आला तेव्हा मी पुण्यात, आईचा फोन लागत नव्हता, रस्ते बंद, पोचलो तिसऱ्या दिवशी. खालचा मजला सगळा चिखल. मागच्या पडवीत गेलो तर काका कपडे वाळत घालायच्या दोरीला बाबांचे फोटो लावत होते, चिमटे लावून, एकेक. अल्बम भिजून गोळा झाला होता, ते पाण्यात बुडवून अलगद पानं सोडवत बसलेले, दोन दिवस तेच चाललं होतं म्हणे. माझ्याकडे बघून म्हणाले, "मुंजीचे वाचले, लग्नातले थोडे गेले." मी चप्पल काढून शेजारी बसलो आणि चिमटे देत राहिलो. त्या दिवशी आमच्यात दुसरं काही बोलणं झालं नाही. त्याला वेळ द्या, पण फोटो कुठे जाणार नाही हे तुमच्या तोंडून त्याला ऐकू द्या.

अलिबाग, मुलगी

आईचं रजिस्टर लग्न केलं, स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली ३० दिवसांची नोटीस बोर्डावर लागते, त्यामुळे आधी मामा, काका, आत्या सगळ्यांकडे जाऊन स्वतः सांगून आलो. काकांना वाडीची काळजी होती. वकिलांनी समजावलं की बाबांच्या वारसाने आईला आलेला हिस्सा दुसऱ्या लग्नाने जात नाही. मग गप्प झाले.

पुन्हा मी

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. चिपळूणच्या दादा, तुमचं मुलाला वाचून दाखवलं, पूर्ण ऐकलं त्याने. फोटो आहे तिथेच राहणार हेही सांगितलं. मग दोन दिवस काही नाही. काल निघाले तर म्हणाला, जेट्टीपर्यंत मी सोडतो. वाटेत गप्प. बोट लागली, मी चढले, तो वरच उभा राहिला. साखळी ओढत होते तेवढ्यात ओरडून विचारलं, "परत कितीच्या बोटीने येशील?"