रात्री दोनची ती भीती आणि आपण केलेली तजवीज : नागपूरकरांचे अनुभव

धागाकर्ती, त्रिमूर्ती नगर
बाबा गेले आणि त्यानंतर रात्री मला दचकून जाग यायला लागली. आपण एक दिवस नसणार, मग लेकीचं काय, आणि हे सगळं कशासाठी? पोथी वाचून झाली, सकाळी फुटाळा तलावावर फिरून झालं. फरक पडला तो नवऱ्याला समोर बसवून वही उघडली तेव्हा. दोघांचा टर्म इन्शुरन्स (मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम), प्रत्येक खात्याला नॉमिनी (आपल्यामागे पैसे घेणारा), लेकीच्या नावानं सुकन्या समृद्धीचं बचत खातं. मरणाचं कोडं सुटलं नाही, पण ‘लेकीचं काय’ याला उत्तर मिळालं आणि झोप लागायला लागली.
तुमची भीती नेमकी कशाची होती, आणि तुम्ही काय केलंत? उपदेश नको, अनुभव लिहा.

अंबाझरी लेआउट
सप्टेंबर 2023. रात्रीतून अंबाझरी तलाव ओसंडला आणि पहाटे घरात कमरेएवढं पाणी. दिवाणात घराची रजिस्ट्री, विम्याचे बाँड, आईची पत्रं. ऊन पडल्यावर गच्चीवर एकेक पान सोडवून विटेखाली वाळत घातलं. शाई फुटलेली, पानं चिखलानं चिकटलेली. आयुष्यभर माणूस जमवतो ते इतकंच का, असं वाटून गळून गेलो. पुढे कितीतरी दिवस नुसतं गडगडलं तरी पोटात गोळा यायचा.
दुय्यम निबंधकांकडून रजिस्ट्रीची प्रमाणित नक्कल काढली. मार्कशीट डिजिलॉकरमध्ये, पूर धरून घराचा विमा, सगळ्याची एक प्रत अमरावतीला भावाकडे. पत्रं गेली ती गेलीच. त्याचं दुःख आहे, पण पावसाची धास्ती उरली नाही.

हिंगणा एमआयडीसी
मी ठेक्यावर आहो. हात चालते तोवर ठीक, मग आपल्याले कोण विचारते, हेच डोक्यात घोळत राहे. तिसाव्या वर्षी सरकारची अटल पेन्शन सुरू केली, महिन्याले 577 रुपये कटते. साठीनंतर महिना 5000, अन् मी गेलो तं तेवढीच बायकोले. दोस्त म्हणते, तवा पाच हजारात काय येईन? येईन तेवढं येईन ना बापा, शून्य तं नाही!

सक्करदरा
वर्षाला 436 रुपयांचा जीवनज्योती (आयुर्विमा) आणि 20 रुपयांचा सुरक्षा (अपघात विमा), हे दोन सरकारी विमे बँकेतूनच सुरू केले. एवढंच परवडतं. तरी बरं वाटतं.

महाल, निवृत्त शिक्षिका
मी एकटी. पैशाची चिंता नव्हती. पेन्शन आहे, ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेव आहे. भीती वेगळीच होती. आपण गेल्यावर दार कोण उघडणार? शेजारी किल्ली ठेवली, रोज सकाळी भाचीला फोन ठरवला. मग मृत्युपत्र केलं. नॉमिनीला पैसे मिळतात, पण तो बहुतेक वेळा वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो, म्हणून मृत्युपत्र हवंच. नोंदणी सक्तीची नाही, तरी केली. मेडिकल कॉलेजमध्ये देहदानाचा अर्जही भरला. भाची सही करताना रडली, मी मात्र हलकी झाले. परत येताना दोघींनी बर्डीच्या बाजारात भरपूर साड्या पाहिल्या.

मनीषनगर
माझं वेगळं आहे. मी जितकं नियोजन केलं तितकी भीती वाढली. पीपीएफमधली बचत, म्युच्युअल फंडातली एसआयपी, आरोग्य विमा सगळं होतं, तरी रात्री तीनला मोबाइलवर आकडे जुळवत बसायचो. शेवटी 14416 ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पुढे मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो, गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही चाललं. विमा उतरवूनही छाती धडधडत असेल तर तिसरी पॉलिसी घेऊ नका, डॉक्टर गाठा.

धागाकर्ती
मनीषनगर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. महालच्या ताई, मृत्युपत्राला साक्षीदार कोण घेतले? आमचं तिथंच अडलंय.

महाल, निवृत्त शिक्षिका
दोन साक्षीदार लागतात. मी शाळेतल्या दोघी घेतल्या. माझ्यापेक्षा वयानं लहान, आणि मृत्युपत्रातून त्यांना काहीच मिळणार नाही अशा, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. दोघींच्या समोर सही करा आणि त्यांच्या सह्या तुमच्यासमोरच घ्या.