सोमालियातल्या कार्यकर्त्यांना वाचवायचं म्हणजे देशाबाहेर काढायचं का?

खडकवाट: मोगादिशूतल्या एखाद्या मानवी हक्क कार्यकर्तीला धमकीचा फोन आला की बाहेरच्या संस्था बऱ्याचदा तिला नैरोबी नाहीतर कंपालाचं तिकीट काढून देतात, काही महिन्यांचं भाडं देतात आणि फाइल बंद करतात. माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं चाललंय. पैसा आधी तिथे टिकून राहण्यासाठी द्यायला हवा, म्हणजे वकील, पगार, राहायला सुरक्षित जागा, घरच्यांचा खर्च. तिकीट अगदी शेवटी.

एलमान कुटुंबाचं बघा. एलमान अली अहमद हा माणूस यादवीच्या ऐन भरात पोरांना 'बंदूक टाका, पेन उचला' म्हणत शिकवायचा, त्याला १९९६ मध्ये मोगादिशूत मारलं. बायको फार्तून अदान मुलींना घेऊन कॅनडात स्थिरावली होती, तरी ती परत गेली, मुलगी इलवाद पण गेली, आणि दोघींनी मिळून बलात्कार झालेल्या बायकांसाठी 'सिस्टर सोमालिया' सेंटर उभं केलं, देशातलं त्या प्रकारचं पहिलंच. २०२२ मध्ये दोघींना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. कॅनडात बसून हे झालं असतं का? विस्थापितांच्या छावणीतल्या बाईला रात्री कुठेतरी जायचं असतं तेव्हा तिला उघडं दार लागतं, त्या दारामागे कोणीतरी असावं लागतं.

डोंबिवली_फास्ट: असहमत. तुम्ही त्याच घरातली तिसरी गोष्ट सोडून दिलीत. इलवादची बहीण अल्मास, ती पण कॅनडातून परत गेली होती. २० नोव्हेंबर २०१९ ला विमानतळाच्या आवारात गाडीत बसलेली असताना गोळी लागून गेली. ते आवार म्हणजे शहरातली सगळ्यात कडक पहाऱ्याची जागा, यूएनची आणि परदेशी वकिलातींची ऑफिसं तिथेच आहेत. तिथे माणूस वाचत नसेल तर तुमचं 'राहायला सुरक्षित जागा' म्हणजे नेमकं काय? त्याच वर्षी जुलैत पत्रकार होदान नालायेह किसमायो शहरात मारली गेली, हॉटेलवर अल शबाब या कट्टर इस्लामी सशस्त्र गटाचा हल्ला झाला त्यात, नवऱ्यासकट. ती पण कॅनडात वाढलेली, सोमालियातल्या चांगल्या गोष्टी जगाला दाखवायच्या म्हणून परतलेली. त्यामुळे आपण इथून 'टिकून राहा' म्हणणं मला पटत नाही, मेलेला माणूस सेंटर चालवत नाही. आधी जीव, मग काम.

खडकवाट: जीव आधी हे मान्यच आहे, पण कोणाचा? अल्मास, होदान यांच्याकडे कॅनडाचा मार्ग खुला होता तरी त्या तिथे होत्या, तो त्यांचा निर्णय होता. बैदोआतल्या लोकल रेडिओवरच्या मुलाकडे काय आहे? त्याला व्हिसा कोण देणार, सोमाली पासपोर्टवर? त्याला बाहेर काढा म्हणणं सोपं आहे, पण काढता येतात ते मुख्यतः इंग्रजी येणारे, कॉन्फरन्सला गेलेले, ओळखी असलेले. बाकीच्यांसाठी तुमच्या उपायात काहीच नाहीये.

नदीकाठ: दोघंही फक्त अल शबाबबद्दल बोलताय. धोका सरकारकडूनही आहे, आणि तो तिकिटाने जात नाही. २०१३ ची केस आठवा. छावणीत राहणाऱ्या एका बाईने सांगितलं की सुरक्षा दलाच्या लोकांनी बलात्कार केला. एका पत्रकाराने तिची मुलाखत घेतली, ती छापलीसुद्धा नव्हती. तरी कोर्टाने दोघांना एकेक वर्षाची शिक्षा ठोठावली, तिला आणि त्याला! अपिलात ती सुटली, त्याची शिक्षा सहा महिन्यांवर आली आणि मग मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने त्यालाही सोडलं. हे झालं कारण वकील उभे राहिले आणि बाहेरून जोरात ओरड झाली. या केसमध्ये तिकीट काय कामाचं होतं?

ऑक्टोबर २०२२ मध्ये पण तेच. माहिती मंत्रालयाने 'अतिरेकी विचारांच्या' बातम्यांवर बंदीचा आदेश काढला, पत्रकार संघटनेचे सरचिटणीस अब्दाल्ले मुमिन यांनी त्याला जाहीर विरोध केला आणि तीन दिवसांत ते अटकेत. अटक कुठे झाली माहितीये का, विमानतळावर. म्हणजे बाहेर जायचा रस्तापण त्यांच्याच हातात. वापरतात तो दंडविधान १९६० च्या दशकातला, इटालियन धर्तीचा, ज्यात बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे. तो बदलल्याशिवाय कोणीच सुरक्षित नाही.

डोंबिवली_फास्ट: कायदा बदलायला किती वर्षं लागतील? तोपर्यंत लोकांनी काय करायचं?

चहाटपरी_सातारा: मला मूळ प्रश्नच पटत नाहीये. आपला काय संबंध? आपल्याकडे सोमालियाचं नाव निघतं ते चाच्यांमुळे, मार्च २०२४ मध्ये नौदलाने ३५ जण पकडून मुंबईत आणले तेवढंच. आपल्याकडच्या कार्यकर्त्यांवर हल्ले होतात त्यावर आधी बोला. आणि परदेशी पैसा घेतला की तिथल्या माणसावर 'पाश्चात्यांचा हस्तक' शिक्का बसतो, अल शबाबला आयतं कारण मिळतं. मदत करणारेच धोका वाढवतात.

मुठाकाठची: पुण्यात सोमाली मुलं वर्षानुवर्षं शिकायला येतायत, आमच्या वर्गात होती, मोगादिशूतल्या रिक्षांना तिथे 'बजाज'च म्हणतात हेही त्यांच्याकडूनच कळलं. संबंध नाही असं कसं म्हणता. आणि दाभोलकर-पानसरेंबद्दल बोलणारा माणूस अल्मासबद्दल बोलू शकत नाही असं थोडंच आहे, मला तर उलट त्यांच्यामुळेच हे जास्त जवळचं वाटतं.

पण शिक्क्याचा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नका. तिथे माणसाला वाचवतं ते बरेचदा कुळ. वडीलधारे मध्ये पडतात, बोलणी करतात, नुकसानभरपाई ठरवतात. पण जो अल्पसंख्याक बंटू आहे किंवा गाबोये, म्हणजे परंपरेने हलकं मानलेलं काम करणाऱ्या गटातला, त्याच्यासाठी कोण मध्ये पडणार? सत्तावाटपाचं सूत्रच साडेचारचं आहे, चार मोठ्या कुळांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. त्या अर्ध्यातला माणूस हक्कांबद्दल बोलायला लागला की त्याच्यामागे ना पोलिस ना वडीलधारे. मला विचाराल तर पहिला रुपया तिकडे जायला हवा, आणि कोणाला किती धोका आहे हे नैरोबीच्या ऑफिसात बसून कळत नाही.

नदीकाठ: +१. हे आधी यायला हवं होतं.

खडकवाट: @चहाटपरी, डॉ. हावा अब्दी यांचं उदाहरण तुमच्यासाठी. मोगादिशूजवळच्या अफगोयेच्या रस्त्यावर स्वतःच्या जमिनीवर दवाखाना, आणि यादवीत आसऱ्याला आलेली हजारो माणसं त्याच जमिनीवर. २०१० मध्ये हिज्बुल इस्लामच्या बंदूकधाऱ्यांनी दवाखाना ताब्यात घेतला, म्हणाले बाईने चालवायचा नाही. बाई हलल्या नाहीत. तुम्ही समाजासाठी काय केलंत असं त्यांनाच विचारलं. छावणीतल्या बायका उभ्या राहिल्या, परदेशातल्या सोमाली लोकांनी आवाज उठवला, आणि शेवटी त्या माणसांना लेखी माफी मागावी लागली. तिथे शिक्का चालला नाही, कारण लोकांना दिसत होतं बाई कोणासाठी काम करतात.

डोंबिवली_फास्ट: हावा अब्दींमागे हजारो लोक होते. एकट्या रिपोर्टरच्या मागे कोणी नसतं. तुमची सगळी उदाहरणं मोठ्या माणसांची आहेत, आणि मी म्हणतोय सामान्य माणसाचं. कंपालात डिफेंडडिफेंडर्स नावाची संस्था आहे, ती चालवणारे हसन शिरे स्वतः सोमाली, स्वतः देश सोडावा लागलेले. बाहेर जाऊन ते गप्प बसले का? संपूर्ण पूर्व आफ्रिकेतल्या लोकांना मदत करतायत.

खडकवाट: बरोबर, म्हणूनच मी 'शेवटी' म्हटलं, 'कधीच नाही' नाही. तिकीट द्या, पण परतीची सोय ठेवून. कार्यकर्ती बाहेर असताना तिच्या जागेवर काम करणाऱ्याचा पगार चालू ठेवा, घरचे मागे राहिले तर त्यांचंही बघा, आणि कधी परत यायचं ते तिलाच ठरवू द्या. २०२५ मध्ये यूएसएआयडी, म्हणजे अमेरिकी सरकारची परदेशी मदत संस्था, बंद झाल्यावर पैसा आधीच आटलाय, तेव्हा जे उरलंय ते कुठे जातं याला फार महत्त्व आहे.

डोंबिवली_फास्ट: परतीची सोय मान्य. पण तिला परत बोलावणाऱ्या प्रोजेक्टचा रिपोर्ट द्यायची तारीख जवळ आली म्हणून कोणी तिला घाईने परत पाठवणार नाही, याची खात्री कोण देणार? ते सांगा.

मुठाकाठची: डोनरने लेखी द्यावं. आणि निर्णय घेणाऱ्यांत बैदोआची, किसमायोची माणसं असावीत, त्या अर्ध्या वाट्यातली पण.