जलपर्णीवरचा सोंड्या भुंगा: निओकेटिनाची जाती कशी ओळखावी?

मुळाकाठचा:
नमस्कार. गेल्या रविवारी पुण्याच्या पाषाण तलावाच्या काठाला लागलेली जलपर्णी पाहत असताना जवळजवळ प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूस, नखाने खरवडल्यासारखे, मुगाएवढे तपकिरी डाग दिसले. देठांच्या बेचक्यात तांदळातल्या सोंड्यापेक्षा थोडा मोठा, मातकट करडा भुंगा पाय आखडून बसला होता. पाण्यात टाकला तरी त्याचे अंग भिजेना. ही निओकेटिना प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) असावी असा माझा अंदाज आहे. ती मूळची दक्षिण अमेरिकेतील असताना इकडे कशी आली, तिच्या जाती वेगळ्या कशा ओळखाव्यात आणि काठावरच्या इतर वनस्पतींवर ती जाते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दहापट भिंग:
आपला अंदाज बरोबर वाटतो. डाग, लपण्याची जागा आणि न भिजणारे खवले या तिन्ही खुणा जुळतात. जातीसाठी मात्र पंखकवच, म्हणजे पाठीवरचे टणक पुढचे पंख, भिंगाखाली पाहावे लागेल. ते जिथे जुळतात त्या मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंस एकेक काळसर, चकचकीत, उंचवटेवजा रेघ असते. निओकेटिनाच्या आयकॉर्नी जातीत ती लांब असून पुढच्या बाजूस सरकलेली असते, तर ब्रुकी जातीत आखूड असून पंखकवचाच्या मध्याजवळ असते. ब्रुकीच्या पाठीवर फिकट कोनाकृती पट्टाही असतो, पण म्हाताऱ्या भुंग्याचे खवले झिजले की तो नाहीसा होतो, म्हणून मी रंगावर कधीच विसंबत नाही.

ही प्रजाती आणि तिच्यातील ब्रुकी ही जाती कीटकतज्ज्ञ हुस्ताश यांनी १९२६ साली वर्णिली. आयकॉर्नीचे वर्णन रोझ एला वॉर्नर यांनी केले ते थेट १९७० साली, म्हणजे तोवर ही दोन भावंडे एकमेकांत सहज मिसळून जात असणार. त्या वेळी प्रजाती सोंड्या भुंग्यांच्या बागोइनी गटात धरली जाई. आता ती स्टेनोपेल्मिनी गटात आहे. गंमत अशी की, आयकॉर्निया हे जलपर्णीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव अलीकडे पोंटेडेरिया या प्रजातीत विलीन झाले, पण भुंग्याच्या नावात ते नियमाप्रमाणे कायम राहिले.

तळ्याची राखण:
इकडे निओकेटिना आपोआप आलेली नाही, मुद्दाम आणलेली आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९७२ साली आयकॉर्नी आणि १९७४ साली ब्रुकी सोडण्यात आली. भारतात विलगीकरणातील चाचण्यांनंतर १९८३च्या सुमारास बंगळुरूच्या तलावांत पहिले भुंगे सोडले गेले आणि तेथील काही तलावांत जलपर्णी खरोखरच ओसरली. आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरातही १९९५पासून हाच प्रयोग झाला.

आता खाद्यवनस्पतींबद्दल. मादी फुगीर देठात अंडी घालते. पांढरी, बिनपायाची अळी देठ पोखरत खाली बुंध्याकडे जाते आणि शेवटी पाण्याखालच्या मुळांचे तंतू गुंडाळून त्यांत कोष करते. तरंगत्या झाडाची जिवंत मुळे नसतील तर हे चक्र पुरे होणे अवघडच. उपाशी प्रौढ भुंगा दुसऱ्या पानाला तोंड लावील, पण वंश वाढतो तो जलपर्णीवरच. तरीही जलपर्णीच्याच कुलातील मोनोकोरिया ही वनस्पती आपल्याकडे भातखाचरांत उगवते. तिच्यावर डाग दिसले तर जरूर कळवावे.

नदीप्रेमी:
एक पुरवणी. सांडपाण्यावर पोसलेली, नत्राने लुसलुशीत झालेली जलपर्णी ब्रुकीला अधिक मानवते, त्यामुळे मुळा-मुठेत आधी तिलाच शोधावे असे मला वाटते. मात्र अंड्यापासून प्रौढापर्यंत दोन-तीन महिने लागतात आणि उन्हाळ्यात यंत्राने सारी जलपर्णी उपसली की अळ्या व कोषही ट्रकमध्येच जातात. उरलेले खडकवासल्याचे पाणी सुटले की वाहून जातात. एखादा पट्टा न उपसता राखला तरच भुंग्यांची संख्या टिकेल, असे माझे मत आहे.

मुळाकाठचा:
सर्वांचे आभार. काल पुन्हा जाऊन सहा भुंगे आणले. भिंगाखाली चार जणांच्या रेघा आखूड आणि मध्याजवळ निघाल्या, एकाच्या लांब. सहाव्याचे खवले इतके झिजले आहेत की पाठ तुळतुळीत दिसते, रेघ कुठे सुरू होते ते कळत नाही.

दहापट भिंग:
म्हणजे आपल्याकडे दोन्ही जाती एकत्र नांदत आहेत. सहाव्याला ७० टक्के अल्कोहोलात ठेवा आणि चिठ्ठीवर ठिकाण व तारीख पेन्सिलीने लिहा. शाई अल्कोहोलात विरघळते.