नोकरीआधी माहिती तपासणाऱ्या पडताळणी एजन्सीला यूएएनचा (पीएफच्या खाते क्रमांकाचा) पासवर्ड द्यायचा का?

प्रश्न: नोकरीच्या ऑफरआधी पासवर्ड, पूर्ण आधार आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागताहेत. नाही म्हणता येतं?

– पासवर्ड, ओटीपी अजिबात नाही! पासबुक, केवायसी सगळं उघडं पडतं. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर 'सर्व्हिस हिस्टरी'त नोकरीच्या तारखा दिसतात. तेवढं पान द्या.

– आधार मास्क्ड द्या, पहिले 8 अंक झाकलेलं. स्टेटमेंटमध्ये पगार सोडून बाकी काळं करा. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर कॉपी होतो, म्हणून प्रिंट काढून स्कॅन करा.

– संमतीपत्रावर 'सध्याच्या कंपनीशी संपर्क राजीनाम्यानंतरच' असं लिहा. डेटा संरक्षण कायदा 2023चा असला तरी नोव्हेंबर 2025च्या नियमांत मुख्य तरतुदी लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर लेखी अटच कामाची.