लेव्हॉन हेल्म: गळा आणि ड्रम एकत्र

लेव्हॉन हेल्म (१९४०–२०१२) हा ‘द बँड’ या रॉक गटाचा ड्रमर आणि गायक. त्याच्या नुसत्या ड्रमवादनाची चर्चा करून भागत नाही, कारण त्याचं वादन गाण्यापासून वेगळं काढता येत नाही. गटाचं ‘द वेट’ (१९६८) हे गाणं पुन्हा ऐका. ओळ चालू असताना हात अगदी साधे, भरणा (फिल, म्हणजे जागा भरणारे जादा ठोके) येतो तो ओळीनंतरच्या मोकळ्या जागेत. असं गात वाजवणं बसवायचं असेल तर आधी शब्द म्हणत फक्त किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) वाजवा, हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) नंतर. स्नेअर आणि टॉम (खोल आवाजाचे ड्रम) सैल ट्यून करा, वरच्या पडद्यावर कापडाची घडी ठेवा. ताणलेल्या पडद्याचा टणटणाट शब्दांवर चढतो. हमखास चूक होते ती श्वास घेताना: लय पळते. बॅकबीट (दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअरचा ठोका) किंचित मागे राहू द्या.

गटाच्याच ‘रॅग मामा रॅग’ या गाण्यात मात्र ड्रमवर गटातला रिचर्ड मॅन्युएल आहे; लेव्हॉन गातो आणि मँडोलिन वाजवतो.

१९९८ मध्ये लेव्हॉनला घशाचा कर्करोग झाला, रेडिएशननंतर आवाज जवळजवळ गेला. तरी अमेरिकेतल्या वुडस्टॉकच्या आपल्या कोठारातल्या ‘मिडनाइट रँबल’ मैफलींत तो पुन्हा गायला लागला. ‘डर्ट फार्मर’ (२००७) या त्याच्या अल्बममधला खरखरीत आवाज मला तरुणपणीच्या आवाजाइतकाच मोलाचा वाटतो. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं.