मदत हवी आहे: लेझीमच्या जॅकेटवर एलईडी – वीजवाहक दोरा कोणता घ्यावा? (नागपूर)

सुईदोरा_नागपूर:
विसर्जन मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या मुलांसाठी सुती बिनबाह्यांची जॅकेटं शिवतो आहोत. प्रत्येकावर 12 एलईडी, कडेने गोल, दर 15 सेंमीवर एक. बॅटरी कमरेला. स्टेनलेस स्टीलच्या तीनपदरी दोऱ्याने नमुना शिवला, तर पहिले दोन-तीन दिवे नीट लागतात, पुढचे मंद होत जातात आणि शेवटचे लागतच नाहीत. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन दोरा घेतला तर सुटेल का? की इतवारी बाजारात मिळणारा जरीचा दोरा चालेल? घाम आणि पाऊस, दोन्हींची भीती आहे.

ओहमवाला:
दोरा बदलून सुटणार नाही, हिशोब करून बघा. तीनपदरी स्टील दोऱ्याचा रोध (वीज अडवण्याचं प्रमाण) मीटरला साधारण 33 ओहम. 15 सेंमीला 5 ओहम झाला. एका एलईडीला 10 मिलिअँपिअर धरले तर पहिल्या तुकड्यातून 120 मिलिअँपिअर जायला हवेत, म्हणजे तिथेच 0.6 व्होल्ट गेले. बॅटरीकडे परतणाऱ्या मायनस ओळीत आणखी 0.6. पुढच्या तुकड्यांत प्रवाह कमी होत जातो, पण घट साठतच जाते. चांदीचा चांगला चारपदरी दोराही मीटरला 45 ओहमच्या आसपास असतो, आणि घामाने व हवेतल्या गंधकाने काळा पडला की रोध वाढतो.

वीज वाहून न्यायला तांब्याची वायरच लावा. सिलिकॉन आवरणाची बारीक तारांची 26 गेज वायर सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. तिचा रोध मीटरला 0.13 ओहम. तुमच्या पूर्ण लांबीत, जाऊन-येऊन, 0.03 व्होल्टच्या आसपास घट येईल. ती कोणाच्या डोळ्यालाही कळणार नाही. तीन एएए सेल (4.5 व्होल्ट) आणि प्रत्येक लाल एलईडीला स्वतंत्र 270 ओहमचा रेझिस्टर (प्रवाह आटोक्यात ठेवणारा भाग). पांढऱ्याला 150 लागेल, पण सेल थोडे उतरले की पांढरा लगेच मंद होतो. मिरवणूक लांबते, म्हणून लाल किंवा पिवळाच घ्या. नाण्यासारखा 2032 सेल इतका प्रवाह देऊच शकत नाही.

सुईदोरा_नागपूर:
वायर ताठ राहील, मुलं खाली वाकतात, हात झटकतात. तुटणार नाही का?

टीपकाम:
वायर मधेच सहसा तुटत नाही. डाग दिलेल्या (सोल्डर केलेल्या) जागी तुटते, कारण सोल्डर जिथे संपतं तिथे मऊ वायर आणि कडक भाग यांच्यामध्ये सगळा वाक येतो. म्हणून जोडावर हीट श्रिंक नळी (तापवल्यावर आकसून घट्ट बसणारी) चढवा आणि जोडापासून 1 सेंमीवर दोन्ही बाजूंना वायर साध्या दोऱ्याने घट्ट टाचा. दोन दिव्यांच्या मधे वायर सरळ न ताणता नागमोडी ठेवा. काखेजवळ जरा जास्तच. सगळं अस्तराच्या आतून न्या. हे लेझीमसाठी फार महत्त्वाचं आहे: लेझीमच्या साखळीच्या लोखंडी चकत्या छातीवर आपटतात. बाहेरून उघडा वीजवाहक दोरा शिवला असेल तर एकाच चकतीने दोन्ही ओळी जोडल्या जातील आणि सगळे दिवे विझतील.

स्टीलचा दोरा फेकून देऊ नका. चालू-बंद बटणाचा इशारा नेणाऱ्या तारेसाठी तो उत्तम, तिथे प्रवाह नगण्य असतो. मशीनवर तो बॉबिनमध्ये भरा, वर साधा पॉलिएस्टर दोरा, 100 नंबरची सुई, बॉबिनचा ताण थोडा सैल आणि मशीन हळू. घरातल्या साध्या सोल्डरचा डाग स्टीलवर धरत नाही, म्हणून दोऱ्याला जोडायच्या तारेच्या टोकाचा पक्कडीने गोल करून त्यातून तीन-चार घट्ट टाके घ्या. गाठीवर पारदर्शक नेलपॉलिश, नाहीतर गाठ उसवते. चांदीच्या दोऱ्याला सोल्डरिंग आयर्न लावलं तर नायलॉन वितळतो.

जरीबद्दल: आज स्वस्तात मिळते ती बहुतेक पॉलिएस्टरच्या चकाकीची आणि वर लाखेचा थर असलेली असते. दुकानातच मल्टिमीटर (रोध मोजायचं यंत्र) लावा. आकडाच आला नाही तर उपयोग नाही.

ओहमवाला:
घाम खारट, म्हणून उघड्या दोन ओळींमधून थोडी वीज गळते आणि तांबं हिरवं पडतं. स्टीलच्या ओळींतही किमान 2 सेंमी अंतर ठेवा. एकमेकींवरून जाणाऱ्या ओळींच्या मधे चिकट बकरमाचा (कडक अस्तराच्या कापडाचा) तुकडा इस्त्रीने बसवा. तांब्याची चिकटपट्टी कपड्यावर नको, दुमडताना चिरते.

बॅटरीच्या तारा पितळी टिचबटणांनी जोडा, म्हणजे डबा काढून जॅकेट धुता येईल. प्लसला नर, मायनसला मादी बटण जॅकेटवर लावा, म्हणजे उलट जोडलंच जाणार नाही. लिथियम पाऊच बॅटरी मात्र मुलांच्या अंगावर नको. ती आपटून दबली, टोचली तर पेट घेऊ शकते.

सुईदोरा_नागपूर:
धुवायचं कसं?

टीपकाम:
डबा काढून, साध्या साबणाच्या गार पाण्यात, हाताने. पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा. ब्लीच नाही. पूर्ण वाळल्यावर प्लस-मायनसमध्ये मल्टिमीटर लावा, लाल तार मायनसला, म्हणजे एलईडीतून वीज जाऊन आकडा चुकणार नाही. काही किलोओहमच्या खाली दाखवलं तर कुठेतरी ओल किंवा प्लस-मायनसचा नको असलेला जोड (शॉर्ट) शिल्लक आहे, बॅटरी लावू नका.